अडीच ते साडेचार

अडीच वाजता मेसेज आला आणि चारकोपच्या त्या चार मजली इमारतीतले एसी एकेक करून बंद झाले.

रुचिरा मोबाइलवर बघत होती. ती सोसायटीची सेक्रेटरी. कोणत्या घरात किती वीज चालली आहे, हे तिला वीज कंपनीच्या ॲपवर दिसायचं. एकोणीस घरांचे आकडे उतरले. चारशे दोनचा चढला.

ही तिसरी वेळ होती.

योजना तिनेच आणली होती. उन्हाळ्यात सगळे एसी एकदम चालले की वीज कमी पडते, म्हणून कंपनी आदल्या दिवशी कळवेल ते दोन तास वापर कमी करायचा. इंग्लंडमध्ये मेसेज आला की लोक धुण्याचं मशीनसुद्धा थांबवतात, असं तिथे राहणाऱ्या तिच्या भावाने, सुयोगने सांगितलं होतं. मीटिंगमध्ये तिने ते सांगितलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या नंदाने विचारलं, "तुझ्या भावाच्या घरात पंखा तरी आहे का गं?" लोक हसले, पण ठराव झाला.

रुचिराने आपल्या घरात त्या दोन तासांत पंखेही बंद ठेवायचा नियम केला. सेक्रेटरीनेच पाळलं नाही तर कोण पाळणार? सासूबाईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. इमारतीत सर्वांत कमी आकडा तिच्या घराचा होता.

एरवी या वेळी ती मालाडच्या ऑफिसात असे. आज हाफ डे टाकून आली होती आणि घरी न जाता थेट खाली सोसायटीच्या खोलीत बसली होती.

चारशे दोनमध्ये धोंडू परब भाड्याने राहत. वय चौऱ्याहत्तर, एकटे. गावचं घर भावकीत गेलेलं. खोलीचा मालक मुलुंडला राहायचा. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की तिसऱ्यांदा असं झालं तर म्हाताऱ्याची नोटिशीवर सही घ्या, महिनाअखेर मी खोली रिकामी करून घेतो.

पहिल्या वेळी रुचिराने विचारलं तेव्हा धोंडू म्हणाले, विसरलो. दुसऱ्या वेळीही तेच म्हणाले.

ती जिन्याने चढली. लिफ्टही साडेचारपर्यंत बंद होती. दाराआडून बोलण्याचा आवाज येत होता. तिने कडी वाजवताच तो थांबला.

दार वीतभर उघडलं. फटीतून गार हवा अंगावर आली. धोंडूंच्या पायांमागे चपलांचा ढीग होता.

"काका, आत कोण आहे?"

"कोण नाय."

पत्त्यांचा अड्डा, ती मनात म्हणाली. नाहीतर कसला तरी धंदा. तिने आवाज खाली आणला. जे असेल ते सांगा, मालकांना मी समजावते, असं ती दोनदा म्हणाली. धोंडूंनी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली.

"घर जाईल तुमचं, काका."

"ठाऊक आसा."

तिने नोटीस पुढे केली. ते भांडतील, निदान हात जोडतील, असं तिला वाटलं होतं. धोंडूंनी कागद दाराच्या चौकटीवर धरला.

"सही खंय करूची?"

तिने बोट ठेवलं. त्यांनी एकेक अक्षर जपून काढलं, पेन तिला परत दिलं आणि कागदाची नीट घडी घातली. कागद ते तिच्या हातात देणार, इतक्यात कोणीतरी दार आतून ओढून सताड उघडलं.

"धोंडूभाऊ, द्या तो कागद इकडे. मी बोलते माझ्या सुनेशी."