निराधाराचा अर्ज

"मुलगा आहे म्हटलं की अर्ज बाद," सिल्वासाच्या सरकारी कचेरीतल्या अनंत कारकुनाने भिमाबाईला तिसऱ्यांदा सांगितलं. माणूस कोकणातला, मनाने वाईट नव्हता. त्याने स्वतःच रकाना भरून टाकला होता: मुलगा, नाही. आता खाली अंगठा उठवला की महिना साठ रुपये सुरू.

भिमाबाईचा मुलगा नवनाथ मसाटला, कारखान्यांजवळच्या खोलीत बसून होता. यंत्राने त्याची तीन बोटं नेली आणि कंपनीने तो कामावर होता हेच नाकारलं. आता सरकारही म्हणत होतं, तो नाहीच.

शेजारच्या टेबलाशी एका कारखान्याचा एजंट कल्पेशभाई बसला होता. त्याच्यासाठी खुर्ची आली, चहा आला, आणि चहा निवायच्या आत कागदावर शिक्काही पडला. त्याच्या शेटला काय मिळतं, असं तिने विचारलं. विक्रीकराची माफी, पंधरा वर्षांची, अनंत म्हणाला.

"तो बी निराधारच का?"

अनंतला हसू आलं. मग त्याने तिला समजावलं. निराधारांना पैसे द्यायचे ते सरकारकडे जमलेल्या करातून. कर कमी जमतो, म्हणून यादी आखूड, आणि म्हणून ही एवढी चौकशी.

भिमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काडीपेटी महागली तेव्हा दुकानदाराने कर वाढल्याचंच कारण सांगितलं होतं. म्हणजे कर तीही भरत होती. तिला कुणी माफी दिली नव्हती, आणि शेटला कुणी पोरं किती ते विचारलं नव्हतं.

"त्याच्याकडून घ्या अन् समद्यायले द्या, भाऊ," ती म्हणाली. "थोडं द्या, पन समद्यायले. मंग कोन्या मायले पोरगा मारा लागनार नाई."

तसा कुठला अर्ज अनंतच्या कपाटात नव्हता. त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि साठ रुपयांवर पाणी सोडू नका म्हणून हळूच विनवलं.

तिने अंगठा शाईत बुडवला.

"ते 'नाही' कुठं लिहेल आहे?"

बाईचं मन वळलं असं त्याला वाटलं. त्याने बोट ठेवून दाखवलं.

भिमाबाईने त्या शब्दावर अंगठा टेकवला आणि शब्द दिसेनासा होईपर्यंत रगडला.

"आता लिहा," ती म्हणाली. "नवनाथ. बापाचं नाव कारभारी."