एवढं वाक्य संपवतो

"साहेब, जरा इकडे येता का?"

स्वयंपाकघरातून प्लंबरची हाक आली तसा लेखक सवयीने म्हणून गेला, "आलो, एवढं वाक्य संपवतो." आणि त्याचा हात थबकला. बायको गेल्यापासून हे उत्तर त्याने कुणालाच दिलं नव्हतं. द्यायला घरात होतं कोण?

ती असताना त्याचं एकच रडगाणं, ही बाई सलग लिहू देत नाही. अहो, बरणी उघडून द्या. अहो, गॅलरीत या, आभाळ बघा कसं झालंय. आता रान मोकळं होतं. सकाळी बसला की तो दिवेलागणीलाच उठायचा. कागदांचा नुसता ढीग, आणि वाचून पाहिलं की सगळं फाडावंसं वाटायचं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, चार दिवस सुट्टी घ्या बरं." त्याने एक दिवस घेऊन पाहिली. दुपारपर्यंत घर खायला उठलं, तेव्हा तो मुकाट्याने पुन्हा टेबलाशी जाऊन बसला.

प्लंबर बेसिनखाली अर्धा आत शिरला होता. "हा पाइप धरा. हं, सोडा आता." लेखक परत येऊन लिहायला बसला. चार ओळी होतात न होतात तोच पुन्हा हाक. बॅटरी धरा. मग आणखी एकदा, वरचा कॉक बंद करा.

"सारखं उठवतोय तुम्हाला," प्लंबर ओशाळून म्हणाला. "कामाचा खोळंबा झाला असेल."

"होऊ दे की."

अशा उठाबशांतून लिहिलेलं पान त्याने वाचलं. चांगलं उतरलं होतं. त्याला आनंद झाला, आणि लगेच बायको आठवली. तिला वाचून दाखवावं, असं कित्येक दिवसांनी काहीतरी लिहून झालं होतं.

प्लंबर हात पुसत दारात आला. "झालं साहेब. आता थेंबसुद्धा गळायचा नाही."

खरंच गळत नव्हता. घर पुन्हा चिडीचूप झालं होतं.

"बाथरूमचा नळही बघून टाका," लेखक घाईघाईने म्हणाला.

प्लंबर आत डोकावून आला. "तो तर ठणठणीत आहे. त्याचं काय बघायचं?"

"बघा तर खरं. आणि काही लागलं तर मला हाक मारा."

प्लंबर क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग पिशवी उचलून बाथरूममध्ये गेला. लेखक लगबगीने टेबलाशी आला. नवा कागद पुढे ओढून, पेन उघडून, कान देऊन बसला.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "साहेब, जरा येता का?"

"आलो," तो म्हणाला, "एवढं वाक्य संपवतो."

समोरचा कागद कोराच होता.