कोरडा कागद

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, आणि ती एका फिटरच्या घरी घडली म्हटल्यावर तर मुळीच नाही. या गृहस्थाने म्हणे कारखान्यात एकदा एक नट इतका आवळला, की शेजारच्या खात्याची दारं उघडेनात. तरीही ऐका. खोटं निघालं तर फिटरला धरा.

ऊन उतरलं होतं. फिटर माशांच्या टाकीसमोर उकिडवा बसला होता. टाकी जुनी, पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाकडून उचलून आणलेली. कडांचं पिवळं पडलेलं सिलिकॉन ब्लेडने खरवडून त्याने नवं भरलं होतं. स्टँडचा गंज पॉलिश पेपरने घासून आधी तांबडा प्रायमर, मग काळा रंग चढवला होता. टाकीखाली थर्माकोल, स्टँडखाली जमिनीवर वर्तमानपत्रं. मासे सोडायच्या आधी नुसतं पाणी भरून ठेवायचं आणि कागदावर थेंब पडतो का ते बघायचं, ही टाकीची परीक्षा.

कागद खडखडीत कोरडा होता. पाणी मात्र आजही चार बोटं उतरलं होतं. सकाळी काचेवर पेनाने मारलेली रेघ वर एकटीच राहिली होती.

“काय हो, गळतेय का?” पलंगावरून बायकोने विचारलं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून ती त्या पलंगावर होती. हाड जुळलं, आता बाईंनी मनावर घेतलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले होते. बाई मनावर काही घेत नव्हत्या. भिंतीकडे बघत पडून राहायच्या. कूस बदलायलासुद्धा नवऱ्याचा हात लागे. म्हणून ही टाकी, आणि म्हणूनच ती बरोबर पलंगासमोर.

“गळतेय? माझं काम?” फिटर म्हणाला. “अगं, मासा पितोय.”

“मासा? कुठाय?”

“दिसत नाही. म्हणून तर फुकट मिळाला.”

“दिसत नाही, मग आहे कशावरून?”

“मिशा लागल्या ना हाताला!”

ती हसली. किती दिवसांनी! “तुमच्या जिभेला हाड नाही,” ती म्हणाली. “असतं तर माझ्याऐवजी तेच मोडलं असतं, सुटले असते सगळे.”

फिटर हरखला. आणखी चार थापा त्याच्या ओठांवर आल्या. त्यातली सगळ्यात लांब निवडत तो तिची उशी सारखी करायला उठला, आणि उशीखाली घातलेला हात तसाच राहिला.

उशी ओली होती. नुसती दमट नव्हे, निथळत होती. तिची वेणी उचलली तर हाताला जड लागली. शेंड्यावरून पाणी ठिबकलं. शेवटच्या पेडात शेवाळाची एक हिरवी तार अडकली होती. टाकी त्याने स्वतः घासली होती. तिच्यात शेवाळाचा कणसुद्धा उरला नव्हता.

“घामाघूम झालीस की गं.”

“छे. गार वाटतंय. छान गार.”

फिटरला टाकी देणाऱ्या त्या माणसाची खोली आठवली. एक लोखंडी पलंग, गादी गुंडाळून ठेवलेली. पलंगासमोर फरशीवर गंजाचे चार डाग, स्टँडच्या चार पायांचे. टाकी धरायला तो माणूस दारापर्यंत आला होता आणि दारातच हळू आवाजात म्हणाला होता, “एवढं करा. पलंगासमोर ठेवू नका.”

त्या वेळी फिटरला वाटलं होतं, थाप बरी आहे, पण माणूस नवखा दिसतो. अजून थोडी घोळवायला हवी होती. जन्मभर लोकांना थापा विकलेला माणूस तो. दुसऱ्याची विकत घेणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्याने मान डोलावली आणि जिना उतरला.

आता तो टाकीपाशी गेला. भरलेली टाकी हलवता येत नाही, काच सांधा सोडते, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने दोन्ही हात लावून पाहिलं. काच कोमट होती. माणसाच्या गालासारखी.

“नळी कुठे ठेवली मी?” तो म्हणाला. “पाणी काढतो. खिडकीपाशी सरकवू जरा, उजेड चांगला आहे तिथे.”

“नको. राहू दे इथेच.”

“अगं, पण...”

“राहू दे म्हटलं ना. सोबत होते.” मग तिने विचारलं, “त्या माणसाने का हो दिली ही?”

इतकी वर्षं थाप त्याच्या तोंडी कशी तेलासारखी यायची. आज मात्र त्याला घसा खाकरावा लागला.

“बदली झाली त्याची. बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला. दोघं मजेत आहेत. जाताना म्हणाला, टाकी गुणी आहे, घरात कुठेही ठेवा.”

ती कुशीवर वळली. आपली आपण, कण्हल्याशिवाय, टाकीकडे तोंड करून. ओल्या उशीवर गाल टेकवून ती काचेकडे बघत राहिली, शेजारीण काही सांगत असताना बघावं तशी. मधूनच हुंकार देत होती. मग खुदकन हसली.

“खोटं! चक्क खोटं! ही म्हणते, दारातच सांगितलं होतं तुम्हाला, पलंगासमोर ठेवू नका म्हणून. आणि तुम्ही मान डोलावलीत.”