फाटकाबाहेरचं गवत

तिसरी गाडी फाटकाला अगदी चिकटून उभी राहिली, तेव्हा ब्रिओनी लेकीला, टिलीला, केळं भरवत होती. चमचा हवेतच राहिला. टिलीनं तो स्वतःच ओढून घेतला.

ही पिकअप होती, मातीनं माखलेली, हौद्यात बर्फाची पेटी. पोरं उतरली, तारेखालून वाकून ब्रिओनीच्याच कुरणातून नदीकडे निघाली. एकानं जाता जाता पाटीवर थाप मारली. पाटी तिनंच रंगवली होती : 'साप आहेत. गाडी लावू नये.'

पाटीला जोर यावा म्हणून तिनं यंदा फाटकाबाहेरची पट्टीही कापू दिली नव्हती. उन्हाळा लागायच्या आत त्या रस्त्यावरचे सगळे आपापल्या कुंपणाबाहेरचं गवत कापून काढतात. तिचा नवरा ग्लेन ट्रॅक्टरला यंत्र जोडून निघालाही होता. तीच आडवी आली. "राहू दे. मांडीएवढं गवत दिसलं की पाय टाकायची छाती होणार नाही कुणाची." ग्लेननं डोकं खाजवलं, पण ऐकलं. आता तो खाणीवर होता, महिनाअखेर यायचा.

गवत वाढलं, वाळलं, आणि पोरं त्याच्यावरच गाड्या घालायला लागली. बाटल्या फोडायची, चाकं गरगरवून कालवडी बुजवायची. तिनं पोलिसांना फोन केला होता. "गाडी रस्त्याच्या हद्दीत आहे ना, ताई? मग मी तरी काय करू?" पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला होता. घरातून बाहेर पडायला तेवढं एकच फाटक. टिलीला ताप चढला तर? खरंच साप चावला तर? तिच्या डोक्यात दिवसभर हे 'तर' फिरत असायचे.

गाडीचा नंबर टिपायला तिनं फोन उचलला. पडद्यावर पिकअपच्या पोटाखालून बारीक धूर येताना दिसला. कुणीतरी सिगारेट टाकली असेल, असं आधी वाटलं. मग कळलं. धूर सोडणारं तापलेलं नळकांडं थेट गवतात टेकलं होतं.

सकाळपासून उत्तरेचा भाजका वारा सुटला होता. फाटकाकडून घराकडे.

टिलीला काखोटीला मारून ती धावली. पण फाटकाकडे नाही, नदीकडे. ज्यांच्याशी बोलायला आजवर तिची जीभ रेटली नव्हती, त्यांच्याकडे.

"गाडी! तुमची गाडी!"

कमरेएवढ्या पाण्यात एक मुलगी उभी होती, उन्हानं नाक सोललेली. तिनं मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "आल्या बघा काकू. काकू, नदी काय तुमच्या बापाची आहे का?"

बाकीचे खिदळले. ब्रिओनी अठ्ठावीस वर्षांची होती.

"गवत पेटलंय," ती म्हणाली.

हसू तिथंच तुटलं. सर्वांत आधी ती मुलगीच बाहेर आली. "टॉवेल भिजवा! जॅरड, बर्फाची पेटी आण! पळ ना रे, बघत काय बसलास!" कुठं, किती, कुणी काही विचारलं नाही. अनवाणी पळाले सगळे. ब्रिओनी मागे पडली.

ती पोचली तेव्हा ज्वाळा कुंपणाखालून आत आली होती. मुलगी पिकअपमध्ये चढली आणि पेटत्या गवतातून गाडी मागे घेऊन डांबरावर आणली. बाकीचे वारा पाठीशी ठेवून ओले टॉवेल आपटत कडेकडेनं आत सरकत होते, जणू घरचंच काम. जॅरडनं सगळी पेटी उपडी केली; बर्फ, पाणी, बियरचे डबे. एक डबा फट्कन फुटला.

"बाळाला घेऊन मागे व्हा हो! वाऱ्यासमोर नको!" मुलगी ओरडली, आणि ब्रिओनी निमूट मागे झाली.

गुरांनी चरून बोडकी केलेली जमीन लागली तशी आग थबकली. मग धुरकटली. मग विझली.

मुलगी धापा टाकत फाटकाला टेकली. तोंड काजळलेलं, एक भुवई जळालेली.

"काकू, ही पट्टी का नाही कापलीत?" आवाजात टोमणा नव्हता. "आमच्या घरी कुणी असं ठेवलं असतं ना, तर बाबांनी त्याला जेवायला बसू दिलं नसतं."

नवरा बाहेरगावी आहे, असं सांगता आलं असतं. यंत्र बिघडलंय, असंही.

"तुम्ही गाड्या लावू नयेत म्हणून ठेवलं," ब्रिओनी म्हणाली.

मुलीनं काळ्या पडलेल्या जमिनीकडे पाहिलं. "आणि आम्ही लावलीच."

टिली खाली उतरायला धडपडत होती, तिला बर्फ हवा होता.

पोरं आपापल्या चपला शोधायला लागली. उरलेल्या दोन गाड्या अजून पुढच्या गवतातच उभ्या होत्या. वारा पडला नव्हता. ही गेली तरी उद्या दुसरी येणार. ब्रिओनीनं टिलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, साखळी सोडली आणि फाटक सताड उघडलं.

"आत लावा. इथं जळायला काही नाही. बाटल्या मात्र एकूण एक परत न्यायच्या."

जॅरड गोंधळला. "आणि ती पाटी?"

"पाटी राहू दे. साप खरेच आहेत."

मुलगी फिस्सकन हसली. गाड्या एकामागून एक आत आल्या, हळू, धूळही न उडवता. पिकअप सगळ्यांत शेवटी. ती थोडी पुढे गेली आणि मध्येच थांबली. ब्रिओनीची पाठ ताठ झाली. आता काय?

मुलगी खाली उतरली. तापलेल्या मातीत पाय पोळत, टाचा उचलत मागे आली. फाटक लावलं, साखळी गुंडाळून कडी अडकवली, आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, कालवडी बाहेर जाणार नाहीत ना म्हणून.