धुळ्याचा कॉम्प्युटर बंद असताना

मोडेमचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. संघमित्राने जळगावात बसवलेला मेल सर्व्हर तयार होता. कॉम्प्युटरवरून एकमेकांना पत्रं पाठवणाऱ्या हौशी मंडळींचं जुनं नेटवर्क आजवर धुळ्यात तिच्या वडिलांच्या एकट्या कॉम्प्युटरवर चालायचं. तो बंद राहिला तर लोकांची पत्रं हरवतील, म्हणून नाना मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीचं पुढे ढकलत होते.

तिने फोन लावला. “नाना, कॉम्प्युटर बंद करा.”

“एक जरी पत्र हरवलं, तर बठ्ठ्यांना तुझंच नाव सांगेन.”

“खुशाल सांगा सगळ्यांना.”

तिने धुळ्याला एक पत्र पाठवलं, सावकाश चहा घेतला आणि पुन्हा फोन केला. “आता चालू करा.”

तोवर जळगावच्या सर्व्हरने सांभाळून ठेवलेलं पत्र पोचलं, अक्षर न् अक्षर. नानांनी पडद्याला डोळे लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

“डॉक्टरकडे माझा नंबर लाव.”