पहिलं अर्धं मिनिट

मुकुलने गाणं ॲपवर टाकलं आणि भांडुपच्या अख्ख्या खानदानाला समजावलं, "अर्धं मिनिट वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. पुढचं नंतर निवांत ऐका, आत्ता परत पहिल्यापासून लावा." सगळे कामाला लागले. सुलक्षणामावशी तर फोन म्यूट करून कुकरशेजारी ठेवायची. गाणं मराठी चार्टमध्ये अठ्ठ्याण्णवाव्या नंबरवर आलं. पेढे वाटले.

त्या जोरावर मुलुंडला कार्यक्रम मिळाला. हॉल घरच्यांनीच भरला. मुखडा झाला. अंतरा गेलेल्या बाबांवर होता, गाणं केलंच होतं त्यासाठी. मुकुलने डोळे मिटून श्वास घेतला.


पहिल्या रांगेतून आई ओरडली, "ए मुकुल, मोजलं गेलं रे! घे परत पहिल्यापासून!"