नंतर कळवण्याचा अधिकार

“दाजी, ताई फोन उचलत नाहीये. जरा तिला द्या ना,” नाशिकहून मेहुणा प्रसन्न म्हणाला. “अण्णांना व्हेंटिलेटरवर घेणार आहेत. त्याआधी एकदा ताईशी बोलायचं म्हणतायत.”

ऋषभने खोलीचं दार लोटून घेतलं. नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या त्या टीचभर फ्लॅटमध्ये कुजबुजसुद्धा पलीकडे ऐकू जायची.

“प्रसन्न, तासाभरात तिचा डिफेन्स आहे, प्रबंधाची तोंडी परीक्षा. आत्ता वडिलांचं हे ऐकलं तर तिच्या तोंडून शब्द फुटणार नाही. चार वर्षांची पीएचडी पाण्यात जाईल.”

“दोनच मिनिटं, दाजी.”

“संपल्या संपल्या लावून देतो. जबाबदारी माझी.”

“तुम्ही म्हणाल तसं,” म्हणून प्रसन्नने फोन ठेवला.

मंजूषाचा फोन सकाळपासून ऋषभच्याच खिशात होता. मध्येच वाजायला नको म्हणून तिनेच तो दिला होता. बाहेर ती पैठणी नेसून आरशासमोर पिना शोधत होती. करोनामुळे लायडन विद्यापीठातला हॉल बंद, म्हणून सगळा सोहळा लॅपटॉपवर.

“कुणाचा फोन?”

“ऑफिसचा. तू एकदा नोट्स वाचून घे.”

“झालंय रे सगळं. केक आणलास का?”

केक! ऋषभला तिचं कौतुक वाटलं आणि कीवही आली. आपल्याला धीर यावा म्हणून बिचारी उसनं हसतेय. तो स्वतः इंजिनिअरिंगच्या एका तोंडी परीक्षेत बोबडी वळून नापास झाला होता. परीक्षक कसे फाडून खातात हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

डिफेन्स सुरू झाला. युद्ध पुकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा की संसदेचा, हा तिचा विषय. स्क्रीनवर काळे झगे घातलेले परीक्षक. ऋषभ कॅमेऱ्याच्या बाहेर येरझारा घालत होता. त्याला बसवेना, उभं राहवेना.

एका परीक्षकाने विचारलं, “संकट दाराशी आलंय. राष्ट्राध्यक्षाने आधी निर्णय घेतला आणि संसदेला नंतर कळवलं, तर बिघडलं कुठे? हेतू तर रक्षणाचाच असतो.”

“हेतू नेहमी चांगलाच असतो,” मंजूषा म्हणाली. “पण सैन्य एकदा निघालं की संसदेला मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. ज्यांची माणसं जाणार, त्यांना आधी विचारायला हवं.”

ऋषभच्या खिशात फोन थरथरला. प्रसन्नचा मेसेज होता. अण्णा गेले.

तो भिंतीला टेकला. आता तर तिला कळू देऊन चालणारच नव्हतं.

थोड्या वेळाने ती डॉक्टर झाली. अभिनंदन करून एकेक परीक्षक निघून गेले. गप्पांसाठी फक्त तिच्या मार्गदर्शक बाई थांबल्या. ऋषभ मंजूषाच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

“अण्णा माझ्याशी बोलायचं म्हणत होते?” तिने विचारलं.

“हो.”

ती उठली, आत गेली. दाराला आतून कडी लागली.

स्क्रीनवर बाई हातात ग्लास धरून गोंधळून बघत होत्या. ऋषभने त्यांना इंग्रजीत जमेल तसं समजावलं. शेवटी म्हणाला, “आधी सांगितलं असतं तर ती नापास झाली असती, मॅडम. तेवढा धोका मला पत्करता आला नाही.”

बाईंनी ग्लास खाली ठेवला.

“नापास?” त्या म्हणाल्या. “इथे डिफेन्समध्ये कुणी नापास होत नाही. तिचा प्रबंध समितीने जानेवारीतच मंजूर केला होता. आजचा नुसता समारंभ होता.”